छबुराव

चकलांब्याची बायडाबाई नवरा गेल्यापासून ऊसतोडीला गेली नव्हती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या बाईला कुणी नेत नाही. म्हणून यंदा ती थोरल्या नणंदेला, छबुबाईला घेऊन मुकादमाकडं गेली. छबुबाईला नवऱ्यानं टाकून बरीच वर्षं झाली होती.

"ह्ये तर दोन अर्धे कोयते झाले," मुकादम आप्पाराव म्हणाले. "एक तरी गडी लागतो."

"कावून? ऊस इचारतो का, कोण तोडतंय म्हणून?" छबुबाईनं विचारलं.

"रीत हाय तशी."

छबुबाई वैतागली. "मंग लिव्हा, मी गडी!"

आप्पारावांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "आधी सांगायचं की. बसा, छबुराव." त्यांनी खुर्ची सरकवली. चहा आला तो एकच. बायडाबाई उभीच राहिली.

माजलगावकडं टोळी उतरली. छबुबाईच्या अंगावर लुगडं, कपाळावर कुंकू, तरी तंबाखू मळणारे गडी हाका मारायचे, "छबुराव, या!" बायडाबाईला ताप आला, तेव्हा मुकादमानं छबुबाईला विचारलं, "आज बायकूला सुट्टी देता का?" तिनं दिली. लगेच शेजारच्या पाचटाच्या कोपीतला सोमनाथ समजावायला आला, "बायकूला लई डोक्यावर बसवू नका, छबुराव."

एका संध्याकाळी दमून टेकलेल्या छबुबाईच्या तोंडून निघून गेलं, "बायडे, पाणी आण."

बायडाबाईनं घागरीकडं हात नेला. छबुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, घागर घेऊन हापशावर गेली आणि येऊन भाकरी थापायला बसली. सोमनाथ धावत आला. "बाप्या माणसाला शोभतं का ह्ये?"

"मला शोभतंय. तुजं तू बघ."

हे सगळं सोमनाथची बायको योगिता बघत होती. तिला पाचवा महिना होता. सकाळी तिनं आप्पारावांना गाठलं. "माजं बी नाव गड्यात लिव्हा."

"अगं, तुला नवरा हाय की!"

"मंग त्याला बायकू लिव्हा. तुमाला जोडीशी मतलब."

आप्पारावांना यात चूक सापडेना. त्यांनी लिहिलं. दुपारपर्यंत टोळीतल्या सगळ्या बाया गडी झाल्या.

दुसऱ्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. बाया ओळीनं बसून मिश्री लावत होत्या. आप्पाराव घसा कोरडा करत फिरले. "अरे, पाणी कोण आणणार?"

"बायका आणतील," छबुबाई म्हणाली.

आप्पारावांनी सोमनाथकडं पाहिलं. सोमनाथ गड्यांच्या मागं सरकला.

"बास!" आप्पाराव ओरडले. "सगळ्या परत बाया व्हा!"

"आन् आमचा कोयता?" बायडाबाईनं विचारलं. इतक्या दिवसांत ती मुकादमाशी पहिल्यांदाच बोलत होती.

आप्पारावांनी वहीत खाडाखोड केली. "दोन बाया, एक कोयता. जावा. पण पाणी आणा."

"गाडी भरायची हाय आमाला," बायडाबाई म्हणाली आणि उसाच्या फडाकडं चालू लागली. बाकीच्या बायाही उठल्या. योगिता तेवढी बसून राहिली.

सोमनाथनं इकडंतिकडं पाहिलं, घागर उचलली आणि डोक्यावर घेऊ की काखेत, ते बायकोला विचारलं.