पाचवा वाटा कुणाचा?

दर शनिवारी रेसकोर्सच्या मागच्या दाराशी एवढी गर्दी व्हायची, की आत घोडे एकटेच धावत असावेत असं वाटावं. सगळी माणसं वाढीव महाराजांभोवती. बाहेरच्या फळ्यावर खडूनं महाराजांनी सांगितलेल्या घोड्याचा भाव लिहिलेला असे, समजा ४/१. भक्त खिडकीवरून तिकीट काढून न बघताच आणी, महाराज ते मुठीत धरून पुटपुटत आणि मूठ उघडत. तिकिटावर छापलेलं असे, ५.००. चाराचे पाच झाले म्हणून लोक पायांवर लोटांगण घालत. कुणी कुरकुरलाच, तर महाराज त्याला परदेशी पाहुण्यांसाठी लावलेला टीव्हीचा पडदा दाखवत. तिथे त्याच घोड्यापुढे +४०० दिसे. पूर्ण श्रद्धा असेल त्याला चारशे, असं ते सांगत. घोडा जिंकला, की वाढवलेला पाचवा वाटा देवाचा, म्हणजे झोळीत. हरला, तर भक्ताच्याच मनात किंतु होता.

तिकीटखिडकीवरची बाई हे चार महिने बघत होती. सुरुवातीला तिनं एकेकाला समजावून पाहिलं. लोक म्हणायचे, बाई, तुम्ही आपली तिकिटं द्या. शेवटी तिनं तोंड मिटून घेतलं. तेच तेच सांगून जीभ झिजते, आणि झिजलेल्या जिभेचा वेगळा पगार मिळत नाही.

पण एका शुक्रवारी ती भावाच्या शिवणकामाच्या दुकानात गेली, तेव्हा तो खुशीत म्हणाला की काज करायच्या मशीनला गिऱ्हाईक मिळालंय. पैसे उद्या महाराजांच्या घोड्यावर. वहिनी पाठ करून इस्त्री फिरवत होती, एकाच जागेवर. त्या मशीनवर घर चालायचं. बाईला राग आला, पण ती इतकी दमली होती की रागही जरा उशिराच उठला.

तिनं बटणांचा डबा ओढला.

"दादा, हे पांढरं बटण म्हणजे तू लावलेले शंभर. घोडा जिंकला. ही चार काळी तुझी कमाई. फळ्यावरचे चार ते हेच. आता एकूण उचलशील किती?"

"पाच."

"तिकिटावर ते पाच छापतात, तुझं पांढरं धरून. आणि पडद्यावरचे चारशे म्हणजे शंभरावरची कमाई, पुन्हा हीच चार काळी. भाव एकच, लिहायच्या तऱ्हा तीन."

दादानं पांढरं उचललं.

"म्हणजे महाराज नेतात ते..."

"तूच लावलेलं."

तरी त्याचं मन निघेना. घोडा जिंकतो तर खरा, असं तो म्हणाला. बाईनं सांगितलं, हा भाव म्हणजे घोडा पाचांत एकदा जिंकणार, शंभरात वीस वेळा. एका रेसमधल्या सगळ्या घोड्यांचे असे आकडे तिनं एकदा जोडले होते. बेरीज शंभर व्हायला हवी, ती एकशे अठरा झाली. प्रत्येक घोडा आहे त्यापेक्षा जास्त जिंकणारा दाखवून भाव कमी देतात, आणि तो फरक रेसकोर्सच्या मालकाच्या खिशात जातो.

"जिंकलास तर महाराज लुबाडतो, दादा. हरलास तर आम्ही."

"मग तुम्ही तिथे बसता कशाला?" वहिनीनं विचारलं.

"पगारासाठी," बाई म्हणाली. तिला लाज वाटली आणि ती लपवायचंही त्राण नव्हतं. "पण अकरा वर्षांत मी तिथे एक दमडी लावलेली नाही."

दादानं गिऱ्हाइकाला फोन करून मशीन विकायची नाही म्हणून सांगितलं. वहिनीनं इस्त्री बंद केली आणि ती पहिल्यांदा खाली बसली.

दुसऱ्या दिवशी गर्दी तेवढीच होती. बाई मात्र पुन्हा बोलू लागली. प्रत्येक तिकिटाबरोबर ती एकच वाक्य सांगे: "आकडा वाढलेला दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा, त्यात आपलं स्वतःचं किती आहे." बहुतेक जण न ऐकताच पुढे जात. त्या दिवशी एक म्हातारा थांबला, त्यानं बोटांवर हिशेब केला आणि रांगेतून बाहेर पडून घरी गेला.