उन्हाळ्यातले दोन कपडे

"शर्ट काढ," डॉक्टर म्हणाले.

धर्मेंद्रने वरचं बटण चिमटीत धरलं आणि हात तिथंच अडकला. बावीस वर्षांचा, रोज पहाटे मैदानाला चकरा मारून रापलेला पोरगा, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. त्याने बापाकडे पाहिलं. बाप त्या प्लास्टिक सर्जनच्या भिंतीवरचं नाकांचं चित्र असं निरखत होता, जणू नाकं दुरुस्त करण्याचाच त्याचा धंदा आहे.

"बाबा, तुमी बाहेर बसा न जरा."

देवमन लगेच उठला. खरं तर तिथून पळ काढायची त्यालाच जास्त घाई होती. पण डॉक्टरांनी हातानेच बसायला सांगितलं. "असू दे त्यांना. घरच्या माणसाशीही बोलायचं आहे मला. शर्टाचं नंतर पाहू, आधी बोलू."

देवमन पुन्हा खुर्चीच्या काठावर टेकला. डॉक्टर त्याच्या भाच्याच्या वयाचा असेल. एवढ्या कोवळ्या माणसासमोर आपल्याला घाम फुटावा, याचाच त्याला राग आला.

अकोल्याला यायचं धर्मेंद्रने ठरवलं होतं. घर बडनेऱ्याला, अमरावती हाकेच्या अंतरावर, आणि तिथं काही डॉक्टरांचा दुष्काळ नव्हता. पण अमरावतीत देवमनला ओळखत नाही असं कोण? राजापेठेतल्या निम्म्या खिडक्यांतले कूलर त्याच्या हाताखालून गेलेले. होळी आटोपली की त्याचा हंगाम सुरू व्हायचा. जुनं गवत उपसायचं, नवं भरायचं, पंप साफ करायचा, मोटरला तेल घालायचं, आणि घरमालकिणीने "आता लागते हो गार" म्हटल्यावरच गच्चीवरून उतरायचं. दवाखान्यांतही कूलर असतातच. "काय देवमनभाऊ, इकडं कुठं?" असं कोणी तरी विचारल्याशिवाय राहिलं नसतं.

आणि लोकांची घरं गार करणारा हा माणूस स्वतः भर मे महिन्यात आत बनियन आणि वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट घालून गच्च्यांवर वावरायचा. वऱ्हाडातल्या उन्हात टिनाला हात लावला तर फोड यावा. घरोघरचे पुरुष नुसत्या टॉवेलवर हिंडतात, आणि देवमन मात्र दोन कपड्यांत. लोक म्हणायचे, "देवमनले थंडी वाजून राहिली, स्वेटर आना रे कोनी!" तोही सगळ्यांबरोबर हसायचा. विहिरीवर, नदीवर, लग्नाच्या हळदीत, कुठेही ते बनियन उतरलं नाही. आंघोळसुद्धा दार लावून, बनियनवर. लग्नानंतर मैनाला हे ठाऊक झालंच. तिने कधी विचारलं नाही, याने कधी सांगितलं नाही, आणि तेवढी एक जागा सोडून त्यांचा संसार छान चालला होता.

मग चैत्रात एके दिवशी मैनाने धुण्यातून एक लांबलचक पट्टी काढली आणि नवऱ्यापुढे धरली. "हे काहाची पट्टी व्हय? पोट्ट्याच्या पँटीत निंगाली. पाय तं मुरगळला नाई त्याचा."

देवमनला क्षणात कळलं. तारुण्यात त्यानेही आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी छातीला अशीच करकचून बांधली होती. गेल्या वर्षी पोलीस भरतीच्या मैदानावरून धर्मेंद्र घरी परतला होता तो तापाचं निमित्त सांगून. पट्टी पुढे ठेवल्यावर आता पोराने कबूल केलं, ताप नव्हताच. तिथं छाती मोजायला शर्ट आणि बनियन काढून रांगेत उभं राहावं लागतं, एवढंच कारण होतं. पोरगा धावण्यात पहिल्या पाचांत यायचा. आता यंदाचं मैदान महिन्यावर आलेलं, आणि त्याआधी ऑपरेशन करून छाती सपाट करून घ्यायची, असं त्याने मोबाईलवर वाचून पक्कं केलं होतं. एका जाहिरातीत तर सकाळी दवाखान्यात आणि संध्याकाळी घरी, असं लिहिलेलं.

देवमन त्या रात्री झोपला नाही. त्याला पोराची काळजी होतीच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. त्याची आई केशरबाई सांगायची, "तू शेंडेफळ. पाच वर्साचा झाला तरी अंगावर पेत होता. मनून झालं तुले हे बाईवानी." आई सांगते ते खोटं कसं असेल? देवमनने ते खरं धरलं. म्हणून धर्मेंद्र दहा महिन्यांचा झाला तेव्हा त्याने मैनाला फर्मावलं होतं, "आता दूध तोड त्याचं." मैनाने हातापाया पडून पाहिलं. मग तिला कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावायला लावला. लेकरू रडून रडून निळं पडायचं, मैनाची छाती दुधाने दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. "काहून पन? कारन तं सांगा," असं तिने विचारलं. "मी मनलं न," एवढंच तो म्हणाला. पुढे मैना भांडली नाही. पण शेजारणींत लेकरांचा विषय निघाला की ती सहज म्हणायची, "माह्या पोराचं तं दहा महिन्यांतच तोडलं," आणि बाजेवर पडलेला देवमन कूस बदलायचा.

एवढं करूनही पोराला ते झालंच. आपण उशीर केला, आठव्या महिन्यातच तोडायला हवं होतं, असंही त्या रात्री त्याच्या मनात येऊन गेलं.

"जिमला जातोस?" डॉक्टर धर्मेंद्रला विचारत होते.

"हाव."

"काही पावडर? इंजेक्शन?"

"नाई जी. घरचंच जेवन."

"हे बघ, मी पोलिसांचा माणूस नाही. तू खोटं बोललास तर चुकीचा उपचार तुझ्यावरच होणार."

धर्मेंद्र खाली पाहत पुटपुटला, "एका पोट्ट्यानं इंजेक्शनं देल्ली होती. ताकदीची. मले वाटलं छाती टणक होईन."

"उलट वाढते त्याने. ते आजपासून बंद." डॉक्टर रागावले नाहीत, पण स्वर करडा झाला. "त्याआधी होतंच ना थोडं?"

"आठवीपासून."

"घरात आणखी कोणाला आहे असं? वडिलांना, काकांना?"

"नाई जी," धर्मेंद्र ठामपणे म्हणाला. "आमच्या घरी कोनालेच नाई."

देवमनने खालच्या ओठावरून जीभ फिरवली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आता इथवर आल्यावर काय झाकायचं? पण झाकण्याची सवय हाडात शिरलेली असते. त्याची बोटं गळ्याच्या बटणाकडे गेली तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. एक बटण, दुसरं, तिसरं. शर्ट खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग त्याने दोन्ही हात आडवे धरून बनियन डोक्यावरून काढलं, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तो आपल्या पोरापुढे उघडा उभा राहिला.

"मले हाये," तो म्हणाला. "त्याले मालूम नाई."

धर्मेंद्र बघतच राहिला. हात, मान, चेहरा उन्हाने काळाठिक्कर, आणि बनियनच्या आतला भाग लहान लेकरासारखा उजळ. छातीवर तेच दोन उंचवटे, जे तो रोज न्हाणीतल्या आरशात पाहून दात ओठ खात होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग कोणी काही न सांगता त्याने आपला शर्ट काढला.

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, बोटांनी दाबून पाहिलं, काखेत पाहिलं. रक्त तपासायला सांगितलं, सोनोग्राफी सांगितली. देवमनचीही. "तुमचं वय झालं आहे, एकदा पाहून घेतलेलं बरं. हाताला तरी मला वाईट काही लागत नाही." मग खुर्चीत टेकून ते निवांत बोलले. असं कितीतरी मुलांना वयात येताना होतं, बहुतेकांचं आपोआप बसतं, काहींचं राहतं. घराण्यातही असू शकतं. माणूस त्याने कमी पुरुष होत नाही. ऑपरेशनने निघतं, पण व्रण राहतो, तिथली जागा काही दिवस बधिर राहते, कधी दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत, महिनाभर घट्ट जाकीट घालावं लागतं.

"आणि पळणं?" धर्मेंद्रने विचारलं.

"महिना-दीड महिना विसर. संध्याकाळी घरी जाशील हे खरं, पण दुसऱ्या दिवशी मैदानावर जाशील हे त्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं."

धर्मेंद्रचा चेहरा पडला.

"मी नाही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं बंद कर, रिपोर्ट येऊ दे, सहा-आठ महिने जाऊ दे. तेव्हाही तुला स्वतःला हवं असेल तर मी करून देईन. पण चार पोरं हसतील म्हणून करू नकोस. तिथं फीत धरणारा माणूस आकडा पाहतो आणि 'पुढचा' म्हणतो. त्याला दिवसभरात शेकडो छात्या मोजायच्या असतात."

देवमनने बनियन घातलं होतं, पण शर्टाची बटणं लावायची राहिली होती. दाराशी पोचल्यावर तो वळला.

"डॉक्टरसायब, एक इचारू? लय दिवस मायच्या अंगावर पेल्यानं होते का हे?"

"नाही हो. त्याचा काही संबंध नाही."

"जराकसा बी?"

"अजिबात नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मायनं," देवमन म्हणाला आणि बाहेर पडला. जिन्यात त्याने कठडा धरला. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि त्या धोंड्याखाली एकवीस वर्षं दबलेलं मैनाचं रडणं आता मोकळं होऊन त्याच्या कानात शिरलं होतं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर जाईपर्यंत बापलेक खिडकीबाहेर पाहत होते. मग धर्मेंद्र म्हणाला, "बाबा, तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"मले तरी कोनं सांगतलं होतं? मले वाटे, अख्ख्या दुनियेत मी एकलाच हावो."

"मले बी तसंच वाटे." त्याने बापाच्या शर्टाकडे पाहत विचारलं, "मंग तुमी ते मे महिन्यात दोन दोन कपडे..."

"हाव."

"मायबाप! शिजून जात असान तुमी."

"तं काय त्याच्यात? चांगला कुकरमंधल्या डाळीवानी." देवमन हसला. धर्मेंद्र इतका हसला की पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. देवमनला आठवेना, हा पोरगा इतका मोकळा शेवटचा कधी हसला होता.

रिपोर्ट आले, दोघांचे चांगले आले. त्या संध्याकाळी धर्मेंद्र मैदानावर गेलेला असताना मैना ओट्यावर गहू निवडत बसली होती. देवमन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगून टाकलं. आईचं सांगणं, चिंधी, आणि ते दहा महिने.

मैनाचा हात सुपातच थांबला.

"अन् मी समजत होती, तुमाले माह्या अंगावरचं लेकरू सहन नाई होत," ती म्हणाली. "का माह्या दुधातच काही खोट हाये."

"नाई वो मैना. तुह्यात कायची खोट? मीच येडा."

"येडेच हा तुमी." तिने पदराने डोळे पुसले. "पयलेच सांगतलं असतं तं मी काय हसली असती? मले काय दिसत नव्हतं? पयल्या रातीपासून मालूम हाये मले. मी मनलं, ह्या मानसाले आवडत नाई बोलनं, तं कायले बोला."

तिने सूप पुन्हा हातात घेतलं, पण खडे दिसत नव्हते. देवमनने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि अंधार पडेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

यंदाचं मैदान मेमध्येच लागलं. त्या सकाळी देवमन राजापेठेत एका तिमजली घराच्या गच्चीवर कूलर जोडत होता. हाताला काम होतं, पण कान खिशातल्या मोबाईलकडे लागलेले. पोरगा शर्ट काढेल का? की पुन्हा ताप येईल? गवत भरून झालं, जाळ्या बसल्या, नळी जोडली, तरी फोन वाजेना. दोनदा त्याने मोबाईल काढून पाहिला, बंद तर पडला नाही ना म्हणून.

फोन आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"बाबा." धर्मेंद्रला धाप लागली होती. "मोजली छाती. बसलो मी मापात."

"अन् पट्टी?"

"पट्टी घरीच. उघडाच होतो रांगेत." पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. "एक पोट्टा हासला, बाबा. मंग मी बी हासलो. फीतवाल्यानं तं पायलं बी नाई. पुढचा मने."

"निवडीचं?"

"ते पाहू न मंग. धावनं मस्त झालं."

देवमनने फोन ठेवला. खालून घरमालकिणीचा आवाज आला, "झालं का हो देवमनभाऊ? लावू का बटण?"

"लावा बाई," तो ओरडला.

मोटर घरघरली. पाणी गवतात झिरपू लागलं आणि वाळ्याचा वास आला. कूलर अजून खिडकीला लावायचा होता, त्याचं तोंड गच्चीकडेच होतं. देवमन त्याच्यासमोर उभा राहिला. आजूबाजूच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे होते, कुरड्या होत्या, पलीकडे एक बाई पापड उलटत होती. त्याने शर्टाची बटणं काढली, शर्ट पाण्याच्या टाकीवर टाकला. मग बनियनही काढलं आणि त्यावर ठेवलं.

पापडवाल्या बाईने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा पापड उलटायला लागली.

"लागते का गार?" खालून मालकिणीने विचारलं.

देवमनने डोळे मिटले होते. छातीला वारा लागत होता.

"लागते, बाई," तो म्हणाला. "लय गार लागते."