निजामपुऱ्यातली संशयित कुपी

मित्रांनो, मी पेप्टाइडची एक जुनी कुपी आहे. शरीरात नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन असतं. त्याचाच लहानसा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, माझ्या पोटात होता. ते प्रथिन शोधायला अँटिबॉडी वापरतात. ती चिकटली की काचपट्टीवर तपकिरी रंग उमटतो. पण कधीकधी ती भलत्यालाच चिकटते. म्हणून तिला आधी माझ्यात मिसळून अडवतात. मग रंग गेला तर तो खरा होता, राहिला तर खोटा. माझा जन्मच संशय घेण्यासाठी झाला!

सत्त्याण्णव साली मी भिवंडीत निजामपुऱ्यातल्या डॉक्टर चिंतामणींच्या प्रयोगशाळेत आले. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाने फ्रिजमधला माझा कप्पा थरथरायचा.

एकदा पडघ्याच्या ठकुबाईंच्या पायातल्या गाठीचा तुकडा तपासायला आला. पट्टी गडद तपकिरी झाली. "रक्तवाहिन्या वाढताहेत, गाठ झपाट्याने पसरणार," डॉक्टर म्हणाले. सर्जनही पाय कापण्याकडे झुकले होते.

त्यांच्या सहकारी विद्युल्लताताईंना मात्र तो रंग खटकला. त्यांनी मला वापरून पाहिलं. रंग तसाच राहिला.

"कुपी बिघडलीय," डॉक्टर म्हणाले. "परवा दिवसभर लाइट नव्हती. फ्रिजमधला बर्फ वितळला होता."

संशय घेणारीवरच संशय!

"असेलही, सर. पण आधी बाळंतपणातल्या वारेच्या पट्टीवर तपासू. वारेत हे प्रथिन नक्की असतं."

"वेळ नाहीये गं. आज पायाचा निर्णय आहे."

"म्हणूनच म्हणते, सर."

वारेच्या पट्टीवर मी अँटिबॉडीला अडवलं आणि रंग पार नाहीसा झाला. मी शाबूत होते. ठकुबाईंच्या पट्टीवरचा रंगच खोटा होता.

मग डॉक्टरांनी स्वतः फोन उचलला. "माझ्या रंगावर भरवसा ठेवू नका," ते सर्जनना म्हणाले. सर्जननी गाठ दुसरीकडे तपासून घेतली; ती पसरणारी नव्हती, म्हणून नुसती गाठच काढली.

जूनमध्ये ठकुबाई जिना चढून आल्या. "औंदा भाताच्या लावणीला मी हाय, बाय!" त्या विद्युल्लताताईंना म्हणाल्या.

आता मी रिकामी आहे. मित्रांनो, पहिल्याच उत्तरावर लगेच विसंबू नका. आणि "पुन्हा पाहू" म्हणणारं माणूस जवळ असेल, तर त्याला जपा.