निकिताच्या महोत्सवात प्रॉम्प्टर

निकिता बोडकेचा फोटो पेपरात आला की मी ते पान घडी घालून उशीखाली सारतो. मालिनी, म्हणजे माझी बायको, ते शोधून काढते आणि मोठ्याने वाचते. ‘कामगार वस्तीत उभी राहिलेली नाट्यचळवळ.’ अहो, उभं कसं राहायचं हे त्या पोरीला शिकवलं कोणी? घोटीहून आली तेव्हा तिला प्रेक्षकांकडे तोंड करून बोलता येत नव्हतं. माझ्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांत तिने मोलकरणी केल्या आणि एक दिवस, सर, मला अंबडच्या कारखान्यांतल्या बायकांबरोबर नाटक करायचंय, म्हणून निघून गेली. मग कंपन्यांच्या गेटवर पथनाट्यं, मोर्चे, आणि आता स्वतःचा महोत्सव. एकाही मुलाखतीत माझं नाव नाही. मला राग येतो असं मी सांगतो, पण तो सरळसरळ जळफळाट आहे.

यंदा तिचं बोलावणं आलं. मी कडक इस्त्रीचा झब्बा घातला, मालिनीही बरोबर निघाली. स्टेजवरून तिने एकदा माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं. जाऊन पाहतो तर पुढच्या खुर्च्या शिफ्ट सुटून येणाऱ्या बायकांना आणि पाहुणे सतरंजीवर. हा म्हणे त्यांचा रिवाज. गुडघे सावरत बसतोय तोच निकिता धावत आली. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाईला कंपनीने ओव्हरटाइमला थांबवून घेतलं होतं. सर, तुम्ही विंगेत उभे राहाल का, असं विचारून तिने संहिता माझ्या हातात ठेवलीसुद्धा. स्पर्धा गाजवलेला दिग्दर्शक, आणि प्रॉम्प्टर! अंगाचा तिळपापड झाला, तरी गेलो.

नाटकात मुख्य भूमिकेत होती धोंडाबाई, खरोखरच कारखान्यात पत्र्याच्या प्रेस मशीनवर काम करणारी नांदगावची बाई. महिला दिनाला साहेब तिला शाल देतो, त्यावर ती काय म्हणते, यावरच सगळं नाटक उभं. नेमकी तिथेच ती अडकली. तिने डोळे माझ्याकडे वळवले. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी ओठ मिटून घेतले. पडू दे, हिचं एक तरी नाटक पडू दे, असं मला अगदी मनापासून वाटलं.

मग खुर्चीतून एक बाई म्हणाली, “शाल नको, साहेब.” मागून दुसरी म्हणाली, “हातमोजे द्या.” बघता बघता अख्खा मंडप हातमोजे मागू लागला. धोंडाबाई नुसती हात पुढे करून उभी राहिली. माझ्या कुठल्याच नाटकाला मिळाल्या नाहीत इतक्या टाळ्या पडल्या.

नाटक संपल्यावर निकिताने मला हाताला धरून स्टेजवर नेलं.

“हे शामसुंदर सर, माझे गुरू,” ती माईकवर म्हणाली. “दुसऱ्या कोणी वाक्य पुरवून टाकलं असतं. कुठे गप्प राहायचं, ते सरांकडून शिकावं.”

लोक उठून उभे राहिले. इतकी वर्षं वाट पाहिलेलं नाव माईकवर आलं आणि मला तिथे उभं राहवेना. धोंडाबाईने नाटकातलीच शाल माझ्या खांद्यावर घातली.

“मला वाटलं, माझी लय फजिती झाली,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही मुद्दाम थांबले व्हते, नाय का?”

“हो,” मी म्हणालो.

समोर मालिनी माझ्याकडे बघत होती. सगळ्या मंडपात ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती.