तिसऱ्या मजल्याची तक्रार

"मावशी, खरं सांगा. तिसऱ्या मजल्यावर जाता की नाही?"

"जाते."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज. रविवारीही गेले. रविवारी सुट्टी असते हे कुणी सांगितलंच नव्हतं."

समोरच्या पोरीने हातातल्या पॅडवरचा कागद पुन्हा वाचला. पालिकेच्या कचरा विभागात ती देखरेखीला होती. वय सव्वीस. पॅडशिवाय तिला कुणी पाहिलेलं नसल्यामुळे कामावरच्या बायका तिला पॅडबाई म्हणत. कागदावर मोत्यासारखं अक्षर होतं: 'सदर कर्मचारी आजतागायत एकदाही दारी आलेली नाही. याची गंभीर दखल घ्यावी.' ही दुसरी तक्रार. पहिलीही याच अक्षरातली, याच घरची.

"तीन झाल्या की ओळखपत्र काढून घेतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," घार म्हणाली आणि गळ्यातलं ओळखपत्र तिने कोटाच्या आत सरकवलं.

घार हे नाव तिला भंगारवाल्याने दिलं होतं, कारण शंभर पावलांवरच्या ढिगात लपलेली तांब्याची तार तिला दिसायची. छत्तीस वर्षं तिने कोपऱ्यावरच्या एकाच कचराकुंडीवर काढली होती. आसपासच्या चार इमारतींतले चेहरे तिने कधी नीट पाहिले नव्हते, पण माणसं तिला पाठ होती. कुणाचं बाळ कधी रांगायला लागलं, कुणाच्या घरात गोळ्यांची रिकामी पाकिटं वाढली, कोण बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्याच्या पिशवीत सरकवतो, सगळी नोंद तिच्या डोक्यात. एका घराचा कचरा तर ती पुड्यावरूनच ओळखायची. वर्तमानपत्राचा चौकोनी पुडा, त्याला पांढऱ्या दोऱ्याची आडवी-उभी गाठ. आत चार तुकडे केलेले, निळ्या शाईने लिहिलेले कागद आणि अंड्याची दोन टरफलं. तीन वर्षांपूर्वी दोनाचं एक झालं. त्या दिवशी तिने पुड्याचा दोरा फेकला नाही, गुंडाळून बाजूला ठेवला. का, ते तिचं तिला ठाऊक.

मग पालिकेने कुंडी उचलली आणि तिथे फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. कुंडीच्या जागी कुंडी. कागदोपत्री काही बदललंच नव्हतं म्हणायचं. कुंडीवरच्या बायकांना पालिकेने हिरवा कोट दिला, ढकलगाडी दिली, गळ्यात फोटो अडकवला आणि घरोघरी पाठवलं. घारीच्या वाट्याला त्याच चार इमारती आल्या. शहाण्णव दारं. तीन महिने पारखून पाहणार आणि मग कायम करणार. नाहीतर तिची दारं ठेकेदाराच्या मोटारीला जाणार. तसं झालं तर परत जायला कुंडीही उरली नव्हती.

"उद्या मी तुमच्याबरोबर येते," पॅडबाई म्हणाली.

"या की. पण जिना चढताना त्या चपला काढा. फार वाजतात."

पॅडबाईला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघी चढू लागल्या. घार पुढे, पोतं खांद्यावर, पायांचा आवाज नाही, श्वासाचा नाही. जिन्यावर एक मांजर झोपलं होतं. घार त्याच्या अंगावरून गेली तरी त्याने डोळा उघडला नाही. पॅडबाई मागून आली तसं ते पळालं. बहुतेक घरांनी बादल्या दाराबाहेरच ठेवल्या होत्या. घार उचलायची, ओला कचरा एकीकडे, सुका दुसरीकडे ओतायची आणि बादली अशी ठेवायची की कडी वाजू नये.

तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दाराबाहेर बादली नव्हती. घार दारासमोर उभी राहिली. पॅडबाई मागे उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"मावशी," पॅडबाई कुजबुजली, "काय करतोय आपण?"

"थांबलोय."

"कशासाठी?"

"दार उघडायसाठी. कचरा द्यायचा तर माणूस दार उघडेलच ना."

"रोज असंच?"

"रोज. अर्धा अर्धा तास. मग काय, बाकीची दारं असतात."

"अहो, पण बेल का नाही वाजवत?"

घारीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीने भर रस्त्यात शीळ घालायला सांगितली होती.

"आवाज करायचा? लोकांच्या दाराशी?" ती म्हणाली. "अगं, आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट ती. माझ्या आईने मला चालायच्या आधी गप्प बसायला शिकवलं. बाटली बाटलीवर आपटली की रखवालदार येतो, रखवालदार आला की काठी येते. छत्तीस वर्षांत मी कुणाला माझी चाहूल लागू दिली नाही. आणि तू म्हणतेस बेल वाजव!"

यात तक्रारीचा सूर नव्हता. कारागीर आपल्या हातातल्या कसबाविषयी बोलतो तसं ती बोलत होती. पॅडबाईला हसावं की काय करावं ते कळेना. तिने पुढे होऊन बेल दाबली.

बेलचा आवाज संपायच्या आत दार उघडलं. आत दाराजवळच एक खुर्ची होती, खुर्चीपुढे एक शिडशिडीत म्हातारे गृहस्थ उभे होते, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि दोन्ही हातांत बादली.

"आलात एकदाच्या!" ते गरजले. "बारा दिवस! बारा दिवस मी पावणेसातपासून इथे बादली घेऊन बसतोय!"

"काका, या रोज येत होत्या," पॅडबाई म्हणाली. "इथेच उभ्या असायच्या. बाहेर."

"आणि मी आत बसलो होतो!"

"मग दार उघडून पाहायचं नाही का?"

"पत्रकात काय छापलंय? 'कर्मचारी आल्यावर कचरा हातोहात द्यावा.' आल्यावर! आली हे मला कळलं तर मी देणार. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलीत मी. आलेलं कळल्याशिवाय आवक होत नाही."

दोन बोटं जाडीच्या फळीच्या अलीकडे-पलीकडे दोन माणसं बारा सकाळी एकमेकांची वाट पाहत होती, आणि दोघंही आपापल्या जागी नियमाला धरून होती.

घारीचं मात्र या भांडणाकडे लक्षच नव्हतं. ती बादलीत पाहत होती. बादलीत वर्तमानपत्राचे चौकोनी पुडे होते, पांढऱ्या दोऱ्याने आडवे-उभे बांधलेले.

"अगंबाई!" ती म्हणाली. "तुम्ही होय ते दोरावाले!"

"काय?"

"काही नाही. तुमच्या पुड्याची गाठ कधी सुटली नाही हो. तीन दिवस ढिगात राहिला तरी. हात चांगला आहे तुमचा."

म्हाताऱ्याचा आवाज एक पायरी खाली आला. "ती पद्धत आमच्या हिची," ते म्हणाले. "मी फक्त चालू ठेवलीय."

"ते कळलं होतं मला," घार म्हणाली, आणि कसं कळलं ते तिने सांगितलं नाही.

पॅडबाईने संधी साधली. "काका, मग या तक्रारी मागे घ्या ना. दोनच झाल्यात. तिसरी झाली तर यांचं काम जाईल."

"तिसरी काल टाकली," काका म्हणाले. "पेटीत."

पॅडबाईने पॅडवरचे कागद पुन्हा चाळले.

"आणि टपालात पडलेला कागद परत मागायचा नसतो. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही त्यात."

"अहो, पण काका—"

"राहू दे गं," घार म्हणाली. "उगाच गळ नको घालू. बरोबर आहे त्यांचं. मी आवाज केला नाही."

तिने बादली रिकामी केली आणि परत दिली. मग पॅडबाईकडे वळून म्हणाली, "कुठे दाबायचं ते दाखव. बाकीच्या दारांना तरी वाजवते."

उरलेली दारं तिने वाजवली. बोटाने नाही, बोटाच्या मागच्या पेराने, बटण मळू नये म्हणून. आणि दाबून झालं की बाहीने पुसून घ्यायची.

सोमवारी विभागाच्या कार्यालयात साहेबांपुढे फाइल उघडली. घार भिंतीशी उभी होती. ओळखपत्र तिने आधीच गळ्यातून काढून हातात धरलं होतं, मागितलं की पटकन देता यावं म्हणून. सुनेला ती सकाळी सांगून आली होती, "आज कदाचित लवकर येईन." सुनेने त्याचा अर्थ विचारला नव्हता.

"तीन," साहेब म्हणाले. "नियम स्पष्ट आहे."

"सर, अजून एक आहे," पॅडबाई म्हणाली. "आज सकाळी हातोहात आलाय अर्ज. पोच घेऊन गेलेत."

तेच मोत्यासारखं अक्षर. साहेबांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"'विषय: माझ्याविरुद्ध तक्रार.'" ते थांबले. पुन्हा वाचलं. "'मी, खाली सही करणार, सलग बारा दिवस सकाळी दारामागे कचऱ्याची बादली घेऊन बसलो असता, दार उघडून बाहेर पाहण्याची तसदी मी एकदाही घेतली नाही. सदर कर्मचारी त्याच वेळी दाराबाहेर हजर होती, असे आता माझ्या निदर्शनास आले आहे. सबब, कचरा वेळेवर न दिल्याबद्दल माझ्यावर नियमानुसार दंड आकारावा, आणि हा अर्ज माझ्या आधीच्या तिन्ही अर्जांच्या वर लावावा. वर. खाली नव्हे.'"

कारकून हसू लपवायला खाली वाकला आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"हे आता कशात धरायचं?" साहेब म्हणाले.

"सर, नियमात 'कर्मचारी न आल्याच्या तीन तक्रारी' असं आहे. आली होती हे तक्रारदारच लिहून देतोय."

साहेबांनी घारीकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

छत्तीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने घसा साफ केला, तो आवाज खोलीत तिचा तिलाच मोठा वाटला.

"त्यांना दंड लावू नका साहेब. लावायचाच तर अर्धा मला लावा. ते बारा दिवस आम्ही दोघांनी मिळून घालवलेत."

साहेबांनी शिक्का उचलला. शिक्क्यावर शाई कमी होती, दोनदा मारावा लागला. पॅडबाईने घारीच्या हातातलं ओळखपत्र घेतलं आणि पुन्हा तिच्या गळ्यात अडकवलं. दोरी केसांत गुंतली. ती सोडवायला पोरीला उगाचच जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी घार तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा डावीकडचं दार सताड उघडं होतं. खुर्ची उंबऱ्यापर्यंत पुढे ओढलेली. काका खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले, बादली पायाशी. हात लांब केला असता तर बादली तिच्या हाती आली असती.

घारीने पोतं खाली ठेवलं. बेल दाबली.

काकांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"कोण?"

"मी."

"आलो, आलो," ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश उठू लागले.