बटण बसलं

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे, माझे फारतर दोन उन्हाळे पाहून झाले असतील. पण जो कामातून गेला तो जुनाच, मग तो कालचा का असेना. मोटारीच्या छताला छोटा दिवा असतो ना, तो लावायचं-विझवायचं बटण म्हणजे मी. करंगळीच्या नखाएवढा. एकदा दाबा, मी आत जातो आणि दिवा लागतो. पुन्हा दाबा, मी टकदिशी वर येतो आणि दिवा जातो. एवढ्याशा कामात काय अनर्थ होणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यातला. मला घडवलं करुणाने. ती शहरातल्या छावणी भागात राहते, हुशार आहे आणि हट्टी तर त्याहून जास्त. दिव्यात माझ्यासाठी जागा ठेवली होती अगदी चिंचोळी. करुणा एकेक नमुना करायची आणि कपाळाला हात लावायची. "बसत नाही, बसत नाही," हाच तिचा जप. नमुने घेऊन ती घरी गेली की ताट वाढून वाट पाहणारी तिची आई सत्यभामा म्हणायची, "बटन बसंल तवा बसंल, आधी तू बस जेवायला!"

शेवटी तिने माझ्या अंगाभोवतीची फट केसभर करून टाकली. गार हवेत त्या फटीत मी झोकात वरखाली व्हायचो. पण प्लास्टिक तापलं की फुगतं, आणि मराठवाड्याचा मे महिना कुणाची भीड ठेवत नाही.

म्हणून तर तापवून पाहायचं काम असतं. ते होतं बद्रीनाथभाऊंकडे. शेडच्या दुसऱ्या टोकाला त्यांची गरम पेटी, मध्ये कॉम्प्रेसरचा धडधडाट. त्यामुळे निकाल ओरडून सांगायची आमच्या कारखान्याची रीत होती. बद्रीभाऊंनी मला दिव्याच्या चौकटीत घातलं आणि चौकटीसकट पेटीत ठेवलं. मी तापलो, फुगलो. त्यांनी मला दाबलं. मी आत गेलो, तो वर येईचना.

"मॅडम, बटन बसलं!" बद्रीभाऊ ओरडले.

करुणा खुर्चीतून उडालीच. "खरंच? बसलं?"

"व्हय, पार बसलं!"

मित्रांनो, आपल्या मराठीत मापात बसतं तेही बसतंच, आणि घसा बसतो, इंजिन बसतं, तेही बसतंच. बद्रीभाऊ दुसरं सांगत होते, करुणाने पहिलं ऐकलं. मी जीव तोडून ओरडलो असतो. पण माझ्या तोंडात एकच टक, आणि तोही अडकलेला.

ती येईपर्यंत बद्रीभाऊ मला पेटीबाहेर काढून दुसऱ्या कामाला गेले होते, आणि मी गार होऊन आपोआप वर आलो होतो. तिने मला पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि ती लहान मुलीसारखी हसली. मग गुलमंडीवरून पेढे मागवले. पेढा पाहून बद्रीभाऊ जरा चपापले. पण करुणाच्या थोरल्या बहिणीचे दिवस भरत आलेले त्यांना ठाऊक होतं. तिकडचीच गोड बातमी असणार, असं समजून त्यांनी दोन पेढे तोंडात टाकले. कुणी कुणाला एक शब्द जास्तीचा विचारला नाही. तिथेच घात झाला.

त्या बहिणीचं नाव सरिता. ती बिडकीनला दिलेली. तिचा नवरा विश्वजीत याच्याकडे एक जुनी मोटार होती. बाळंतपणाला शहरात न्यायचं म्हणून त्याने ती सज्ज ठेवलेली, टाकी भरलेली, मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली. छताच्या दिव्याचं बटण तेवढं तुटलं होतं. "दाजी, माझं बटण लावून देते. वापरून सांगा कसं वाटतं," असं म्हणत करुणाने मला मोठ्या कौतुकाने तिथे बसवलं.

एका भर दुपारी सरिताचं कानातलं सीटखाली पडलं. तिने मला दाबून दिवा लावला, कानातलं शोधलं, पुन्हा मला दाबलं. पण मी तापलेला होतो, वर आलोच नाही. उन्हात दिव्याचा उजेड तिला दिसला नाही. थोड्या वेळाने विश्वजीतने धूळ नको म्हणून गाडीवर कव्हर ओढलं. मला भीती वाटली ती तेव्हापासून. रात्री बाहेर गारवा आला, पण माझ्या डोक्याशी दिवा जळत होता. मी गार होणार कसा? कव्हराखाली तो दिवा एकट्या माझ्यासमोर पिवळा पडत गेला, मग विडीच्या टोकाएवढा लाल झाला, मग विझला. तोवर त्या धगीने माझं अंग वाकलं होतं, आता गार होऊनही मी वर येणार नव्हतो.

आणि सरिताला कळा सुरू झाल्या त्या त्यानंतर.

शेजारच्या सरूबाईंनी तिला धरून आणून गोधडीवर निजवलं. विश्वजीतने किल्ली फिरवली. टिक टिक, बाकी काही नाही.

"आरं, काढ की गाडी! पोरीचा जीव चाललाय!"

"बॅटरी बसली, मावशी!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

पुन्हा तोच शब्द. या वेळी त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. रस्त्यावर दुधाचा टेम्पो सापडेपर्यंत सरिता माझ्याखाली कण्हत होती. टेम्पो गेला, गाडीची दारं उघडीच राहिली. तिचं काय झालं हे मला सांगायला कुणी उरलं नव्हतं. तसं वाट पाहणं वैऱ्यावरही येऊ नये.

दुसऱ्या दिवशी करुणा आली. तिने खिळून बसलेलं बटण पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. सरिता वाचली होती. मुलगी झाली होती, पण जन्मल्यावर रडलीच नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. करुणा स्क्रू काढता काढता हे मला नव्हे, स्वतःलाच सांगत होती. पोर पुढे रडली, घरी आली, आता बाळसंही धरतेय. पण ते नंतर.

करुणाने मला बद्रीभाऊंपुढे ठेवलं. "भाऊ, हे तापल्यावर अडकतं, हे मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! बटन बसलं म्हणलो, पार बसलं म्हणलो. तुमीच पेढे वाटले!"

करुणा बोटांवर काहीतरी मोजू लागली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "याआधी हॉर्नचं बटण केलं, दाराचं केलं, काचांचं केलं. तेव्हाही तुम्ही बसलं म्हणाला होता."

"म्हणलो आसेन. काही मापात बसली आसतील, काही..." बद्रीभाऊंचा चेहरा उतरला.

"काही कुठली?"

"आता ते कसं ध्यानात राहील, मॅडम?"

ती सगळी बटणं केव्हाच गाड्यांतून बसून गेली आहेत. करुणा रोज गाड्यांच्या कंपन्यांना फोन करते, ती बटणं परत मागवा म्हणून गयावया करते. कुणी ऐकतं, कुणी हसून ठेवून देतं. तिच्या टेबलावर पडून मी ते ऐकत असतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. आज उन्हात तापलेल्या गाडीत बसाल, तेव्हा दार लावण्याआधी एकेका बटणाला बोट लावा. दाबलेलं परत वर येतं का, तेवढं बघा.