ब्लेडाएवढी फट

गाव त्याला आवळ्या म्हणायचं ते उगीच नाही. दूधवाला इमानी, पण त्यानं मारलेली गाठ कापल्याशिवाय सुटायची नाही. दुधाच्या कॅनचं झाकण तर दगडानं ठोकून बसवायचा. थेंबभर सांडलं तरी जीव जायचा त्याचा.

असा हा आवळ्या आज गोठ्याच्या दारात मोटारसायकलचं इंजिन उघडून बसला होता. गाडीत दमच उरला नव्हता. चढ आला की उतरून ढकला. फाट्यावरचा मिस्त्री म्हणाला होता, "हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायला लागतील. चार दिवस ठेव गाडी."

"चार दिवस दूध काय डोक्यावरून नेऊ? आणि घासायला अक्कल कशाला लागते? मीच घासतो!"

लागते, हे आता त्याला पुरतं कळलं होतं. पण सांगणार कुणाला? संध्याकाळचं दूध डेअरीत गेलं नाही तर नासणार, आणि मिस्त्रीचं दुकान नेमकं डेअरीसमोर.

व्हॉल्व्ह घासायची काठी तो असा दाबून फिरवत होता की बायकोला राहवेना. "सरका! घासताय का गळा दाबताय?" तिनं काठी रवीसारखी दोन्ही तळव्यांत धरली, हलकेच घुसळली, मध्येच उचलली, पुन्हा घुसळली. नंतर आत रॉकेल ओतून पाहिलं, थेंब गळला नाही.

पुढचं काम मात्र आवळ्यानं कुणाला करू दिलं नाही. हेड बसवलं, खुणेला खूण लावून चेन चढवली, व्हॉल्व्ह दाबून उघडणारे टॅपेट अजिबात वाजू नयेत म्हणून करकचून आवळले. किक मारली, तर आत दाबच नाही, पाय लोण्यात गेल्यासारखा खाली. दहा वेळा मारली. इंजिन हूं नाही की चूं नाही.

"हात दाखवून अवलक्षण," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "मिस्त्री आता गावभर हसेल."

"तो हसेल तेव्हा हसेल. आधी म्हशीकडं बघा, खोकतेय. दावं पुन्हा रुतलंय गळ्यात. दोन बोटं जागा ठेवा की हो, घोट कसा गिळायचा तिनं?"

त्यानं दावं सैल केलं. म्हशीनं मान झटकली. आवळ्या तिच्याकडं बघतच राहिला, मग इंजिनाकडं धावला. व्हॉल्व्हला मिटायला जागाच ठेवली नव्हती की! त्यानं टॅपेट सैल केले, दाढीचं ब्लेड आत-बाहेर सरकेल एवढेच. पुढच्या किकला गाडी गरजली. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मिस्त्रीच्या दारावरून जाताना त्यानं मुद्दाम हॉर्न दिला. डेअरीत कॅन उतरवला.

"झाकण काढ लवकर, दार लावायचंय," मापारी म्हणाला.

झाकण निघेना. मापाऱ्यानं ओढलं, दोघांनी मिळून ओढलं, आवळ्यानं लाथही मारली. शेवटी समोरून मिस्त्री टायर काढायची लोखंडी टॉमी घेऊन शांतपणे आला. एकच हिसका दिला आणि झाकण खणकन बाजूला पडलं. दूध वाचलं.

आवळ्या मान खाली घालून उभा होता. पण पडलो तरी नाक वर. "गाडी मात्र मीच दुरुस्त केली, मिस्त्री."

"दिसतंय की," मिस्त्री टॉमी पुसत म्हणाला. "आणि झाकणही तूच लावलं होतंस ना?"

सगळ्यांत मोठ्यानं हसला तो आवळ्याच.